आधी बूट, मग सूट

मराठी माणसाचा पादत्राणांवर जुना राग आहे. कुणाला त्याची पायरी दाखवायची असली की आपण ‘पायातली वहाण पायातच बरी’ म्हणतो. नोकरीसाठी हेलपाटे घातले तर जोडे झिजवले म्हणतो, आणि संताप अगदीच अनावर झाला तर तेच जोडे हातात घेतो. म्हणजे बोलण्यात वहाणेचा उल्लेख आला की खुशाल समजावं, कुणाचा तरी अपमान झाला आहे किंवा होऊ घातला आहे. मान काय तो पादुकांना. भरताने त्या सिंहासनावर ठेवल्या, आणि आषाढीला त्या आळंदीहून पालखीत बसून पंढरपूरला जातात. पण त्यातही एक गोम आहे. पादुकांत कुणाचा पाय नसतो. थोडक्यात, वहाणेला मान मिळवून द्यायचा असेल तर आधी तिच्यातून पाय काढून घ्यावा लागतो!

जमिनीवर हे सगळं खपून जातं. चावणारा बूट माणसाला लंगडायला लावतो, जीव घेत नाही. परंतु जगात एक जागा अशी आहे, जिथे बुटाला कमी लेखणारा माणूस सरळ जिवाशी खेळत असतो. ती जागा म्हणजे थंड पाण्याचा तळ. माझं आजचं भांडण तिथल्या बुटासाठी आहे.

‘बूट घालून पाण्यात?’ असा प्रश्न तुम्हांला पडला असेल, तर तुम्ही समुद्राखाली गेला असलात तरी बहुधा मालवणला किंवा अंदमानला गेला असाल. तिथलं पाणी आपल्या वळणाचं आहे, कोमट आणि माणसाळलेलं. पातळसा पोशाख चढवायचा, पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी. मागून एक तरबेज मालवणी पोरगा आपल्याला धरून असतो, समोर मासे असतात, आणि आपण अंगठा नि तर्जनी जुळवून फोटोवाल्याला ‘सगळं ठीक’ अशी खूण करतो. थोड्या वेळाने वर येऊन सोलकढी! या सगळ्यात पाय आपले पाहुण्यासारखे मागे तरंगत असतात. त्यांना कुणी काम सांगत नाही.

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडातल्या लेस्टर गावी राहतो. इथे कोथिंबीर, कढीपत्ता आणि गुजराती शेजारी मुबलक; समुद्र मात्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच. ती उणीव भरून काढायला गावापासून थोड्या अंतरावर स्टोनी कोव्ह नावाची दगडाची जुनी खाण आहे. ग्रॅनाइट काढता काढता तिथे मोठा खड्डा झाला, काम थांबल्यावर त्यात झऱ्यांचं पाणी साचलं, आणि आता सुट्टीच्या दिवशी शहाणीसुरती माणसं पहाटे उठून त्या खड्ड्यात उतरायला येतात. खोली सुमारे ३५ मीटर. उन्हाळ्यात वरचं पाणी जरा बरं असतं. हिवाळ्यात ते चार-पाच अंशांवर येतं. म्हणजे आपल्या घरातल्या फ्रिजमध्ये दूध ज्या थंडीत ठेवतात, त्या थंडीत हे लोक स्वतःला ठेवतात. ‘कशासाठी?’ ही चौकशी आमच्या सौभाग्यवतींनीही वेळोवेळी केलेली आहे. तिला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही, तेव्हा तुम्हांला इतक्यात मिळेल अशी आशा धरू नका.

अशा पाण्यात पातळ पोशाख चालत नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने ओढून नेतं. म्हणून तिथे लागतो ड्राय सूट. नावाप्रमाणे आतला माणूस कोरडा ठेवणारा. दिसायला हे मोठ्या माणसाचं झबलं. मानेशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या, पाणबंद झिप, आत उबदार कापसाळ बंडी-विजार. छातीवर एक झडप, तिच्यातून सिलिंडरची हवा सुटात घ्यायची. डाव्या दंडावर दुसरी झडप, तिच्यातून ती बाहेर सोडायची. खाली पायांशी हा सूट दोन तऱ्हांनी संपतो. एका तऱ्हेत सुटालाच रबरी बूट कायमचे चिकटवलेले असतात. दुसऱ्या तऱ्हेत नुसते पाणबंद मोजे असतात, आणि त्यांच्यावर वेगळे, नाडीचे किंवा पट्ट्यांचे, दणकट बूट चढवायचे. कोणतीही तऱ्हा असो, त्यावर पुन्हा फिन, म्हणजे पायांना लावायची रबरी वल्ही.

हा सूट हजार-दोन हजार पौंडांपर्यंत सहज जातो. तो शिवायला टाकताना होणारं मोजमाप बघण्यासारखं असतं. मान मोजतात, छाती मोजतात, मनगट, दंड, मांडी, पोटरी, कमरेपासून घोट्यापर्यंत, काखेपासून कमरेपर्यंत. नवरदेवाची शेरवानी शिवतानाही आपल्या शिंप्याने एवढी माया दाखवली नव्हती. आणि शेवटी, टेप गळ्यात अडकवून, पेन कानावर ठेवता ठेवता तो गृहस्थ सहज विचारतो, ‘बुटाचा नंबर काय?’ आपण म्हणायचं ‘आठ’, त्याने लिहायचं ‘आठ’. संपली पायाची पूजा! इतर सगळ्या अवयवांना टेप आणि पायाला नुसता तोंडी जबाब. माझा पहिला आक्षेप इथेच आहे.

कारण नंबर म्हणजे काय? इंग्रजी बुटाचा नंबर जवाच्या दाण्यावर मोजतात हे कितीजणांना ठाऊक असतं? तीन जव म्हणजे एक इंच. एका नंबराचा फरक म्हणजे एका जवाची लांबी, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडेही जुन्या हिशेबात आठ यवांचा एक अंगुल धरत, तेव्हा धान्याने माप घेण्याबद्दल मी इंग्रजाला हसणार नाही. पण युरोपातला नंबर वेगळ्या पट्टीचा. तिथे एका नंबराला सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे एका कंपनीचा आठ हा दुसऱ्या कंपनीच्या आठाचा नुसता नावबंधू असतो, सख्खा भाऊ नसतो. शिवाय हे सगळं झालं लांबीचं. रुंदीचं काय? टाचेचं काय? पायाच्या वरच्या कमानीचं काय? माझा पाय चपलेत वाढला. त्याची बोटं एकत्र कुटुंबात राहिल्यासारखी ऐसपैस पसरलेली आहेत. शेजारच्या गोऱ्या गृहस्थांची बोटं लहानपणापासून बुटात राहिल्याने लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखी अंग चोरून असतात. आमचा दोघांचाही नंबर आठ! हा नंबर नव्हे, ही आडनावाची भानगड आहे. कुलकर्णी म्हटल्याने माणूस ओळखता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जरासा सैल झाला बूट म्हणून काय बिघडलं? हाच तो प्रश्न! याच प्रश्नाने घोळ केला आहे. याचं उत्तर द्यायचं तर शाळेतल्या पदार्थविज्ञानाकडे क्षणभर जावं लागेल. घाबरू नका, लगेच परत येऊ.

पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि सुटातली हवा आकसून निम्मी होते. सूट अंगाला चिमटे काढू लागतो, म्हणून त्यात आणखी हवा सोडावी लागते. वर येताना ह्याच्या उलट. हवा फुगत जाते आणि ती दंडावरच्या झडपेतून बाहेर जायला हवी. हवेचा स्वभाव आपल्या राजकारण्यांसारखा, नेहमी सर्वांत वरची जागा पकडायची. माणूस सरळ असेल तर वरची जागा म्हणजे खांदा, तिथे झडप, सगळं ठीक. पण माणूस डोकं खाली करून पाय वर करून बसला, तर वरची जागा म्हणजे पाय! सगळी हवा पायांत जाते. तिथे झडप नाही. एक लिटर हवा पाण्यात जवळजवळ एक किलो उचलते. पाय वर खेचले जातात, वर गेले की हवा आणखी फुगते, फुगली की आणखी वर खेचते. माणूस उलटा, पाय आभाळाकडे, आणि वर जाण्याचा वेग त्याच्या हातात राहत नाही. वेगाने वर येणं म्हणजे या धंद्यातलं सर्वांत मोठं संकट. श्वास कोंडून धरला तर फुप्फुसं फाटतात, नाही धरला तरी रक्तात विरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन सांध्यांत नि मज्जारज्जूत उच्छाद मांडू शकतो.

आता या हवेला पायांत बसायला जागा कोण देतं? सैल बूट! पायाच्या पुढे नि घोट्याभोवती जी रिकामी जागा राहते, ती हवेच्या बापाची जहागीर होते. एवढ्यावर भागत नाही. फुगलेल्या बुटातून पाय मागे सरकतो, टाच निसटते आणि पाऊल पोटरीच्या जागी येऊन अडकतं. मग बुटाला धरून बसलेला फिन गळून पडतो. म्हणजे उलट्या माणसाला सरळ व्हायला जे एकमेव वल्हं होतं, तेही गेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा भाचा पुण्याहून इकडे नोकरीला आला आणि त्याला मामाचा हा छंद लागला. जर्मन आरमाराने १९१९ च्या २१ जूनला स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो इथे आपलीच जहाजं आपल्या हाताने बुडवली. त्यांतली काही अजून तळाशी आहेत आणि ती बघायला जगभरचे पाणबुडे जातात. भाच्याच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून स्कापा फ्लो. मी गावाला गेलो होतो त्या आठवड्यात याने परस्पर सूट खरेदी केला. चिकटवलेल्या बुटांचा. दुकानात याच्या मापाचा आठ शिल्लक नव्हता, दहा होता. दुकानदार म्हणाला, जाड मोजे घाला, चालतं. खात्री करून घ्यायला याने पुण्याला आईला फोन लावला. ताई म्हणाली, ‘घे रे बाबा मोठाच. थंडीचे दिवस, दोन-दोन मोजे घालता येतील.’ पुणे आणि लेस्टर यांचं असं एकमत मी दुसऱ्या कुठल्याही विषयावर पाहिलेलं नाही.

त्या बुटांत स्टोनी कोव्हच्या सहा-सात मीटरवरच्या पायरीवर आम्ही उतरलो. मी, आमचे शिक्षक आणि हा. उतरण्याआधी मी बूट दाबून पाहिले, ते कुरडईसारखे आत बसले. मी शिक्षकांना दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि ठरलं की आज याच्या दोन बाजूंना दोघांनी राहायचं, पायरी सोडायची नाही. खाली याला एक मासा दिसला. मासा बघायला हा वाकला. पुढचं सगळं पदार्थविज्ञानाने केलं. पाय वर, डोकं खाली, हात वाऱ्यावर. एक फिन सुटून आपल्या वाटेने निघून गेला. शिक्षकांनी त्याला पट्ट्यांना धरून सरळ केलं, मी त्याच्या दंडावरची झडप उघडली, आणि भाचा पुन्हा माणसात आला. वर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य, ‘मामा, तू आईला सांगू नकोस.’ मी सांगितलं नाही. म्हणून तर इथे लिहितो आहे. त्याला काही झालं नाही याचं कारण बूट चांगले होते हे नव्हे. खोली सहा मीटर होती आणि दोन माणसं हाताच्या अंतरावर होती. हे दोन्ही स्कापा फ्लोला चाळीस मीटरवर असेलच असं नाही.

माझं भांडण भाच्याशी नाही. भांडण आहे ते त्याला तो बूट देणाऱ्या तीन घराण्यांशी.

पहिलं घराणं ‘वाढत्या अंगाचं’. हे आपलं खास घरचं. जूनमध्ये शाळेचे बूट घेताना वडील आपल्याला न विचारता दोन नंबर मोठे घेत आणि पुढच्या टोकात कापूस कोंबत. दुसऱ्या वर्षी कापूस काढायचा, तिसऱ्या वर्षी बूट धाकट्याला. महिनाअखेरच्या पगारात ते शहाणपण होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण चाळीस वर्षांच्या गृहस्थाचा पाय आता वाढायचा राहिलेला नाही, वाढायचं ते पोट वाढतं. आणि दोन नंबर म्हणजे दोन जव, सतरा मिलिमीटर, चांगलं बोटभर अंतर. तिथे कापूस नसतो, हवा असते.

या घराण्याची समजूत अशी की मोठा बूट म्हणजे ऊब जास्त. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. घट्ट बूट थंडच असतो. थंडीत शरीर मुळात हातापायांचं रक्त आवरतं घेतं. वरून बुटाने आवळलं की उरलंसुरलंही थांबतं, आणि मोज्यातली हवा चेपली गेली की मोज्याची ऊबही संपते. आइसलंडमधल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत पाणी बाराही महिने दोन ते चार अंशांवर असतं. तिथे घट्ट बुटातल्या माणसाला आपल्याला बोटं आहेत की नाहीत ते मोजून पाहावं लागेल. पण यावरचा उपाय म्हणजे दोन नंबर मोठा बूट नव्हे. उपाय म्हणजे जो मोजा खरोखर घालणार आहोत तो घालून मापाचा बूट. मोजा आधी ठरतो, बूट नंतर. आपण उलटं करतो, भांडं आणतो आणि मग त्यात काय शिजवावं याचा विचार करतो.

दुसरं घराणं ‘घोट्याला वजन बांधा’ म्हणणाऱ्यांचं. पाय तरंगतात? बांधा शिसं. काहींचे पाय जात्याच तरंगतात, काहींना जाड रबरी बूट घालावे लागतात. त्यांनी बांधावं, माझी हरकत नाही. पण सैल बुटावर हा उपाय म्हणजे गळक्या छपराखाली मोठी बादली ठेवण्यासारखं आहे. वजनाने पाय खाली राहील, टाच काही बुटात राहणार नाही. आणि ते शिसं प्रत्येक हात-दोन हात अंतराला पायाने उचलायचं. दमछाक वाढली की सिलिंडरची हवाही लवकर संपते.

यावर कुणी जुन्या पाणबुड्यांचा दाखला देतात. त्यांचे बूट शिशाच्या तळव्यांचे होते ना! होते. १८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिराने तांब्याच्या शिरस्त्राणाचा बंद पोशाख सिद्ध केला, आणि १८३९ पासून पोर्टस्मथजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेवर तो घालून माणसं उतरू लागली. त्या घराण्यातल्या पोशाखांत पुढे एकेक बूट सात-आठ किलोंचा असे. पण ते लोक तळावर चालत, पोहत नसत. आणि दाखला देणारे दुसरी गोष्ट सांगायची विसरतात. त्या पोशाखाच्या पायांना मागून नाड्या असत, त्या आवळून विजारीतली फाजील जागा बंद करत, का तर पायांत हवा साठून माणूस उलटा वर जाऊ नये म्हणून! विजार मापात आणण्याची अक्कल त्या काळी होती. आज सूट अंगासरशी झाला आणि अक्कल सैल झाली.

तिसरं घराणं ‘चिकटवलेला बूटच बरा’ म्हणणाऱ्यांचं. त्यांची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. चिकटवलेला बूट झटकन चढतो. घरी विसरत नाही. नाड्या बांधायला वाकावं लागत नाही, आणि एका वयानंतर वाकणं हा कार्यक्रम असतो. नाडी कुठे अडकत नाही, पट्ट्यांत वाळू भरत नाही. हे सगळं कबूल. तो बूट तुमच्या पायाला खरोखर बसत असेल तर माझा आशीर्वाद घ्या आणि निघा.

पण टिकाऊपणाचं बोलाल तर माझं मत वेगळं आहे. या धंद्यात बूट फार झिजतो. पाठीवर सिलिंडर, कमरेला वजनं, असं तीस-चाळीस किलोंचं ओझं घेऊन खडकावरून, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, बोटीच्या शिडीवरून चालायचं असतं. तळवा झिजतो, टाच घासते, घोट्याशी घडी पडून चीर जाते. हे व्हायचंच. प्रश्न एवढाच की झिजल्यावर काय? चिकटवलेला बूट गेला तर सबंध सूट कारखान्यात जातो. जुना बूट कापायचा, नवा डिंकाने डकवायचा, सुकवायचा, पाणी येतं का ते पाहायचं, आणि मधल्या काळात तुम्ही घरी. वेगळा बूट गेला तर नुसता बूट बदलायचा. सुटाच्या किमतीपुढे ही किंमत म्हणजे लग्नाच्या पंगतीपुढे विड्याच्या पानांचा खर्च. आपल्या कोल्हापुरी चपलेचं शास्त्र हेच आहे. अंगठा आधी तुटतो, तो कोपऱ्यावर बसलेल्या कारागिराकडून पाच मिनिटांत बदलून मिळतो, चपला पुन्हा चालू लागतात. टिकाऊ वस्तू म्हणजे न झिजणारी वस्तू नव्हे. जे झिजायचं तेच आधी झिजतं आणि ते बदलता येतं, ती टिकाऊ वस्तू. शिवाय नाडी आवळली की घोट्याभोवतीची जागा बंद होते. म्हणजे सीबेच्या काळातलं शहाणपण पुन्हा हाताशी येतं.

तेव्हा नुसतं भांडून न थांबता, बूट निवडावा कसा ते सांगतो. संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. दोन्ही पाय उभ्याने मोजावेत. उजवा नि डावा हे भाऊ असले तरी जुळे नसतात, मोठ्याच्या मापाने घ्यावा. जे मोजे घालून उतरणार तेच घालून जावं. बूट घातल्यावर बोटं हलली पाहिजेत, टाच हलता कामा नये. तळवा असा हवा की दगडाची टोकं आत कळू नयेत, पण इतका जाडही नको की फिनमध्ये शिरणार नाही. म्हणून आपले फिन बरोबर न्यावेत. टाचेमागे फिनचा पट्टा अडकायला उंचवटा हवा. टाच आणि चवडा यांवर जादा रबर हवं. वेगळा बूट असेल तर पाणी निथळायला भोकं आहेत का पाहावं, आणि नाडीची टोकं आत खोचता आली पाहिजेत.

मग पायऱ्या चढाव्यात, उतराव्यात, उकिडवं बसावं. आणि शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. दुकानातल्या बाकावर पालथं पडावं, फिन चढवावेत आणि पाय मारावेत. बरोबरच्या माणसाला फिन धरून ओढायला सांगावं. टाच जागची हलली तर तो बूट तुमचा नाही. लोक बघतील. दुकानदार हसेल. हसू दे. लहानपणी आपण पहिल्यांदा पालथे पडलो तेव्हा अख्खं घर हसलं होतं, आपलं काही वाईट झालं नाही. त्यानंतर पहिली उतरणी तलावात करावी, शिक्षक जवळ असताना मुद्दाम उलटं होऊन पाहावं, आणि अंग गोळा करून सरळ कसं व्हायचं ते शिकून घ्यावं. बुटाची खरी मुलाखत तीच.

विकत घेतल्यावरही त्याला विसरू नये. गोड्या पाण्याने धुवावा. आत अडकलेला खडा झटकून काढावा, कारण तोच खडा सुटाच्या मोज्याला आतून भोक पाडतो. सावलीत वाळवावा, ऊन आणि हीटर हे दोन्ही रबराचे वैरी.

दुकानदारांना माझं एवढंच सांगणं आहे. अंगाची वीस मापं घेता, त्यांत पायाची आणखी चार घ्या. ज्याच्या मापाचा बूट शिल्लक नाही त्याला ‘जाड मोजे घाला’ म्हणू नका, ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणा. गिऱ्हाइकांना सांगणं असं, की सुटाचा रंग, खिसे आणि झिप यांवर तासभर घालवण्याआधी पायावर अर्धा तास घालवा. आधी बूट, मग सूट. आणि पुण्यातल्या, नाशकातल्या, नागपुरातल्या तमाम आयांना हात जोडून विनंती, की पोराने परदेशातून बुटाचं विचारलं तर ‘मापाचाच घे’ म्हणा. वाढत्या अंगाचं स्वेटर पाठवा, मी अडवणार नाही.

राहता राहिली ती म्हण. वाडवडिलांनी ती कुणाला तरी खाली बसवण्यासाठी केली असेल, पण थंड पाण्याच्या तळाशी तिच्याइतकं शहाणं वाक्य नाही. चाळीस मीटरवर पायातली वहाण पायातच बरी. तिथून ती निघता कामा नये.